दिवे लागायच्या आधी

वर्षश्राद्धाची शेवटची पंगत उठली. म्हसवडच्या आत्या पडवीत खांबाला पाठ टेकून, पाय लांब करून बसल्या आणि त्यांनी शिवांजलीला हाक मारली.

"ये गं पोरी हिकडं. पत्रावळ्या उचलाय दुसरी हायेत. राजाची गोष्ट सांग. वरीस झालं, ह्या घरात कुणी राजाचं नाव घेतलं न्हाई."

शिवांजली हात पुसत येऊन बसली. तिनेही ते नाव घेतलं नव्हतं. सांगलीच्या ज्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती तिथे तिच्या खुर्चीमागच्या कपाटात त्या राजाविषयीची तीन पुस्तकं होती, तिनेच मागवलेली. तिचे वडील, आबा, गेल्यापासून ते कपाट तिने उघडलं नव्हतं.

बासष्टच्या चीन युद्धात आबा नेफात, आजच्या अरुणाचलात, पकडले गेले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. चिनी छावणीतले ते महिने त्यांनी कधी कुणाला सांगितले नाहीत. थंडी सांगितली नाही, भूक सांगितली नाही, बरोबरचे कोण परत आले नाहीत तेही सांगितलं नाही. तिथल्या दुभाष्याकडून मोडक्या हिंदीत ऐकलेला एक राजा तेवढा ते घेऊन आले. चू नावाच्या राज्याचा राजा च्वांग. सव्वीसशे वर्षांपूर्वीचा. त्याला त्यांनी कोरेगावची बोली दिली, डोक्याला फेटा दिला आणि साठ वर्षं शेतातल्या जांभळाखाली बसून घरातल्या प्रत्येक पोराला तो राजा सांगितला.

"आबांसारखी मला येत नाही, आत्या."

"तुला तर पुस्तकातली बी येती. सांग."

"राजा गादीवर आला तेव्हा पोरच होता," शिवांजलीने सुरुवात केली. "तीन वर्षं त्याने काही केलं नाही. ढोल, दारू आणि शिकार. वर हुकूम काढला, मला शहाणपण शिकवायला येईल त्याची मान उडवीन."

"मुंडकं येशीला टांगीन," आत्यांनी दुरुस्ती केली. "दादा असं म्हनायचा."

"मुंडकं वेशीला टांगीन. मग एक म्हातारा कारभारी आला. म्हणाला, महाराज, शहाणपण सांगत नाही, एक कोडं घालतो. टेकडीवर एक पक्षी बसलाय. तीन वर्षं झाली. उडत नाही, ओरडत नाही. कुठला पक्षी हा? राजा म्हणाला, उडाला नाही, पण उडेल तेव्हा आभाळाला टेकेल. ओरडला नाही, पण ओरडेल तेव्हा माणसं दचकतील. तू जा, मला कळलं. आणि दुसऱ्या दिवशी राजा दरबारात येऊन बसला. तीन वर्षं तो नुसता बघत होता, आपला कोण आणि खुशामत्या कोण."

"तीन वर्सं काय न करता बसला, त्यात काय मोठं?" दारात उभे असलेले लालासाहेब म्हणाले. "आपल्यात पाच वर्सं बसत्यात. त्यास्नी कोण पक्षी म्हनत न्हाई."

पडवी हसली. लालासाहेब काका आबांहून बारा वर्षांनी धाकटे. राजाच्या प्रत्येक गोष्टीत त्यांनी आजवर अशीच काडी घातली होती, आणि आबांना ते आवडायचं. कोणी काडी घातली नाही तर गोष्ट पुढे जायची नाही.

आत्यांना लढाई हवी होती. शिवांजलीने ती सांगितली. पिवळ्या नदीकाठी राजाने मोठी लढाई जिंकली. सरदार म्हणाले, शत्रूच्या प्रेतांचा डोंगर रचू, पुढच्या पिढ्यांना दिसू दे. राजा म्हणाला, ही पण कुणाची तरी पोरं. आपल्या धन्याच्या शब्दाखातर मेली. त्यांचा कसला डोंगर रचता? त्याने नदीची पूजा केली आणि तो माघारी फिरला. इथे आबांचा आवाज नेहमी खाली जायचा. शिवांजलीचाही गेला, आणि तिथे ती थांबली.

"ताई, राजाचं ऱ्हाऊ द्या," कृष्णात म्हणाला. काकांचा मुलगा, तिच्याहून चार वर्षांनी लहान. इतका वेळ तो पायरीवर बसून मोबाइल चाळत होता. "उद्या धा वाजता मोजणीवाले येत्यात. त्याआधी आपलं बोलून घिऊ."

ओढ्याकाठची ती जमीन आजोबांनी तिघा भावंडांत वाटली तेव्हा बांध घातला नव्हता. बांधाखाली माती वाया जाते, असं त्यांचं मत. त्याऐवजी त्यांनी प्रत्येकाला आपल्या हाताने हद्दीचे दगड रोवायला लावले होते. आबांच्या आणि काकांच्या वाट्यामध्ये तीन दगड होते: एक रस्त्याला, एक ओढ्याला आणि एक मध्ये, जांभळापाशी. ते तीन दगड सरळ रेषेत नव्हते. मधला काकांच्या बाजूला सरकलेला होता, आणि त्या बाकात जांभूळ आबांच्या वाट्यात बसलं होतं.

"ऊसतोडीला माणसं मिळंनात," कृष्णात सांगू लागला. "मशीन लावावं तर त्या बाकात ते वळत न्हाई. रेघ सरळ झाली की रस्त्यापास्नं वढ्यापतूर एका दमात जातंय. झाड तेवढं आडवं येतंय."

"झाड आडवं येत नाही. झाड आमच्यात आहे."

"त्येच मोजणीत कळंल की."

"आबांची राख त्या झाडाच्या मुळात आहे, कृष्णात."

"मला ठावं हाय. खड्डा मीच काढला व्हता." कृष्णातने मोबाइल खिशात टाकला. "तुमच्यात आलं तर पानाला हात लावणार न्हाई, ताई. पर रेघ वाकडी हाय, हे तुमाला बी दिसतंय न्हवं?"

"दिसतंय. मधला दगड जागेवर आहे. सरकलेत ते टोकाचे दोन." शिवांजलीला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला, पण तो थांबला नाही. "दर नांगरटीला थोडं थोडं आत यायचं, हे काय गावात नवीन आहे? आबा शेवटी अंथरुणावर होते. मी सांगलीला. बघायला होतं कोण?"

असं म्हणताना तिने कृष्णातकडे नाही, काकांकडे पाहिलं.

लालासाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला.

"म्हशीस्नी पानी दावायचं ऱ्हायलंय," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

*

शिवांजलीच्या आईने, शालूबाईंनी, स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकलं होतं. त्या परत आत गेल्या आणि उरलेल्या खिरीचं पातेलं झाकायचं सोडून तशाच उभ्या राहिल्या.

त्यांना एक सकाळ आठवत होती. वाटणीनंतरचं पहिलंच वर्ष. त्या न्याहारी घेऊन शेतावर गेल्या, तर नवरा जांभळापाशी उकिडवा बसलेला. हात कोपरापर्यंत मातीचे, शेजारी पहार. मधल्या दगडाच्या बुडाची माती ओली आणि काळी. आणि अलीकडे, आपल्या अंगाला, दोन हातांवर तशीच ओली काळी माती, पायाने सपाट केलेली. "हलाय लागला व्हता, घट केला," तो म्हणाला होता. त्यांनी भाकरी सोडली आणि त्याच्या हातांवर पाणी घातलं. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. संसार चालला, मुलगी शिकली, जांभूळ दर वर्षी लगडलं.

उन्हं उतरल्यावर त्या मागच्या अंगणात शिवांजलीजवळ जाऊन बसल्या.

"भावजींना तसं बोलाय नगं व्हतं."

"मग कसं बोलायचं, आई? ते झाड तोडतील. मी नुसती बघत बसू?"

शालूबाईंनी पदराच्या टोकाला पीळ घातला, सोडला. मुलीच्या डोळ्यांखाली वर्षभराचं काळं होतं. बाप गेल्यावर ती चारचौघांत रडली नव्हती. साताऱ्याच्या दवाखान्यात शेवटच्या दुपारी ती बापाच्या उशाशी बसली होती, आणि त्याने विचारलं होतं, "राजा कशानं गेला गं?" ती म्हणाली होती, "पुस्तकात काही लिहिलं नाही, आबा. तेवीस वर्षं राज्य केलं आणि गेला." "बरं झालं," तो म्हणाला होता. "साधा गेला." हे दोघांचं बोलणं शालूबाईंनी पायथ्याशी बसून ऐकलं होतं. ह्या पोरीकडे बापाचं जे काही उरलं होतं ते त्या झाडाखालचं होतं. तेच आता आपल्या तोंडाने मातीत कसं घालायचं?

"ती अंधारातल्या जेवणाची गोष्ट," त्या म्हणाल्या. "ती सांग की."

"आता?"

"आता. त्यांच्या तोंडून लय वेळा ऐकली, पर भाकऱ्या थापता थापता. धड कवा ऐकलीच न्हाई."

शिवांजलीने आईकडे पाहिलं. मग ती सांगू लागली. राजाने बंड मोडलं आणि सरदारांना जेवायला बोलावलं. दिवे लागेपर्यंत जेवण चाललं, मग रात्रीही सुरू राहिलं. राजाची लाडकी राणी स्वतः वाढत होती. एकाएकी वारा सुटला आणि सगळे दिवे विझले. अंधारात कोणीतरी राणीचा पदर ओढला. राणी हुशार. तिने त्या माणसाच्या टोपीचा गोंडा तोडून घेतला आणि राजाच्या कानाशी जाऊन म्हणाली, दिवे लावा. ज्याच्या टोपीला गोंडा नाही तोच तो. सेवक पेटती काडी घेऊन धावले. राजा ओरडला, थांबा! कोणी दिवा लावायचा नाही. आज माझ्याकडे जेवायला आलात ना? मग ज्याच्या टोपीचा गोंडा शाबूत राहील तो माझ्या जेवणात मनापासून रमला नाही, असं मी समजेन. सगळ्यांनी आपापले गोंडे तोडून टाका. शंभर माणसांनी शंभर गोंडे तोडले. मग राजा म्हणाला, आता लावा दिवे.

"आणि आबा उठायचे," शिवांजली म्हणाली. "धोतर झटकायचे. 'दिवे लागले, गोष्ट संपली.' पुस्तकात पुढे आणखी आहे. मला सापडलं तेव्हा मी मुद्दाम सांगलीहून येऊन त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, खूश होतील. ते कितीतरी वेळ ओढ्याकडे बघत बसले. म्हणाले, 'ते पुस्तकवाल्यानं जोडलं आसंल. दुभाष्या तसं काय म्हनला न्हवता.'"

पुढे काय आहे, ते शालूबाईंनी विचारलं नाही.

*

लालासाहेब पहार घेऊन उजाडताच शेतावर आले होते. उसाच्या पात्यांवर दव होतं आणि ओढ्यावर धूर बसल्यासारखं धुकं. ते मधल्या दगडापाशी उभे राहिले.

दगड हलला, हे त्यांना त्याच वर्षी, दुसऱ्या दिवशी कळलं होतं. स्वतः मोट हाकलेल्या, स्वतः नांगरलेल्या रानात दोन हातांचा फरक डोळ्याला नाही, पायाला कळतो. ते तरणे होते. संतापाने तरातरा भावाला गाठायला निघाले होते, आणि भाऊ जांभळाखाली पोरं घेऊन बसला होता. शिवांजली शेजारी. कृष्णात, नुकता चालायला लागलेला, मांडीवर. दादा राजाची बैलाची गोष्ट सांगत होता. शेजारच्या राज्यात एका माणसाने आपल्या धन्याचा खून केला, आणि च्वांग राजाने त्याला शिक्षा करायला म्हणून जाऊन ते सगळं राज्यच आपल्याला जोडून घेतलं. सगळ्यांनी वाहवा केली. एक कारभारी तेवढा बोलला नाही. राजाने कारण विचारलं. तो म्हणाला, एकाचा बैल दुसऱ्याच्या पिकातून गेला. पीक तुडवलं, हे चुकलंच. पण म्हणून रानवाल्याने बैलच काढून घेतला. आता सांगा, जास्ती कुणाचं चुकलं? राजाने ते राज्य परत दिलं.

लालासाहेब झाडामागे उभे राहून ऐकत होते. कृष्णातने चुलत्याची मिशी धरली होती. दोन हात रान आणि एक झाड. त्यापायी भाऊ काढून घ्यायचा का? ते आल्या पावली मागे फिरले होते.

पण राग गेला नव्हता. राग रानाचा नव्हता. बासष्टला पलटणीची तार आली, जोतिबा, म्हणजे दादा, बेपत्ता म्हणून, तेव्हा आईने हे जांभूळ लावलं होतं. माझं पोर येईस्तवर हे जगवीन, म्हणाली होती. घागरीने पाणी घालायला धाकट्या लालाला बरोबर न्यायची. झाड दादाच्या नावाचं होतं, हे त्यांना आईइतकंच माहीत होतं. वाटणीत ते आपल्या बाजूला आलं तेव्हा दादा एक शब्द बोलला नाही. नुसतं म्हणाला असता, लाला, झाड मला दे, तर दगड लालासाहेबांनी स्वतः सरकवला असता. दादाने मागितलं नाही. एवढंच पस्तीस वर्षं टोचत होतं.

मागे पाचोळा वाजला. शालूबाई आल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन.

"भावजी, मी सांगते पोरीला."

"काय सांगताय?"

"तुमाला ठावं हाय."

"मला काय बी ठावं न्हाई, वैनी. आन तुमाला बी न्हाई."

"तिनं तुमाला चोर म्हनलं. चार मानसांत."

"म्हनू द्या. मी जिता हाय. माझं मला उत्तर देता येतंय." त्यांनी जांभळाच्या बुंध्याकडे मान हलवली. "त्यानं कुठनं द्यायचं?"

शालूबाईंचे डोळे भरले. "मोजणीत येनारच की पर. रेघ सरळ निघाली की समद्यास्नी दिसंल, मधला दगड कुनी हलवला त्ये."

"दिसंल खरं." लालासाहेबांनी टॉवेलने तोंड पुसलं. ते दगडाभोवती एकदा फिरले. मग म्हणाले, "वैनी, त्या जेवनात राजानं समद्यास्नी काय तोडाय लावलं व्हतं?"

"गोंडं. टोप्यांचं."

"व्हय. गोंडं." त्यांनी पहार उचलली. "म्हसवडच्या आक्काला बोलवा. कृष्णाला बी. आन पोरीला म्हनावं, चा नंतर पी."

*

शिवांजली पोचली तेव्हा काकांनी रस्त्याकडचा आपला दगड उपटून बाजूला टाकला होता. दगडाची जागा ते पायाने माती लोटून बुजवत होते.

"आप्पा, काय चालवलंय?" कृष्णात जवळजवळ ओरडला. "दोन तासांत मोजणीवाले येनार!"

"तू म्हन्लास न्हवं, मशीन वर आभाळात बघून मोजतंय? मग त्येला आमची दगडं कशाला पायजेत?"

"वहिवाट दावावी लागती, आप्पा!"

"दावू की. ह्ये रान, ही आमी. दाखवली." त्यांनी पहार जमिनीत रोवली. "ऐका समदी. वाटनीला ज्यानं त्यानं आपापला दगूड आपल्या हातानं रोवला व्हता. तसाच आज ज्यानं त्यानं उपटायचा. ह्या रानात एक बी जुना दगूड ऱ्हाता कामा नये. ज्याचा ऱ्हाईल तो माझ्याकडं जेवाय आला न्हाई, आसं मी समजंन."

शेवटच्या वाक्यावर शिवांजलीची मान वर झाली.

"माझं गुडघं गेलेत आन म्हनं दगूड उपट," आत्या म्हणाल्या. पण ओच्याला खोच देऊन त्या आपल्या वाट्याकडे निघाल्या होत्या. "कृष्ण्या, पहार आन. बघतोस काय? तुझ्या राजाचा हुकूम हाय."

ओढ्याकडचा दगड लालासाहेबांनी काढला. आत्यांचे दोन कृष्णातने काढले. आत्यांनी फक्त वरून हात लावला आणि "माझा झाला" असं जाहीर केलं. राहिला मधला.

"ह्यो तुझ्या बापाचा," काका शिवांजलीला म्हणाले. "ह्यो तू काढ."

तिने पहार घेतली. दगड सहज निघाला नाही. मुळांनी त्याला दोन्ही अंगांनी धरलं होतं. माती काळी आणि गार होती. तिच्या नखांत, बांगड्यांत गेली. दगड आडवा पडला आणि त्याच क्षणी काका पुढे झाले. इतर खड्ड्यांची माती त्यांनी सावकाश लोटली होती. ही त्यांनी दोन्ही पायांनी भराभर लोटली, दाबली, वर पाचोळा ओढला. कृष्णात वळून बघेपर्यंत तिथे काही नव्हतं.

शिवांजली हातात माती घेऊन उभी राहिली. शंभर वेळा ऐकलेली गोष्ट. तिने पुस्तकांत तपासलेली, तळटिपांसकट वाचलेली. आणि तिच्या एक साधी गोष्ट कधी लक्षात आली नव्हती. ज्याने पदर ओढला तो दिवा विझलेला ठेवू शकत नव्हता. ते त्याच्या हातात नव्हतं. ज्याचं गेलं होतं त्यालाच ते करता आलं.

तिने आईकडे पाहिलं. शालूबाई खाली बघत होत्या. तेवढं पुरलं.

"काका," ती म्हणाली. "काल मी..."

"काल तू वाढप लय बेस केलंस," काका म्हणाले. "आमटीला मीठ कमी व्हतं तेवढं. हात धू जा."

मोजणीदार दहाला आला. तरुण, टोपी उलटी घातलेला. पिवळी काठी आणि तिच्यावरचं यंत्र घेऊन तो रानभर फिरला आणि पुन्हा रस्त्यावर आला.

"जुन्या खुणा एकही दिसत नाहीत. काढल्यात का?"

"काढल्या," लालासाहेब म्हणाले. "गंजल्या व्हत्या."

"दगड गंजतात, आजोबा?"

"आमच्यातलं गंजत्यात."

रेघ सरळ निघाली. खुणेची झेंडी जांभळाच्या अलीकडे, आबांच्या बाजूला लागली. झाड काकांच्या वाट्यात होतं, दोन हात आत. कृष्णातने झेंडीकडे पाहिलं, मग टोकांकडे. दोन्ही टोकांचे दगड जिथे होते तिथेच रेघ गेली होती. ते त्याने सकाळी पाहिले होते, त्याला आठवत होतं. तो बापाकडे वळला. त्याचं तोंड उघडलं. लालासाहेब त्याच्याकडे नुसते बघत होते. कृष्णातची नजर शिवांजलीकडे गेली, तिच्या मातीने भरलेल्या हातांकडे, आणि त्याने तोंड मिटलं.

मोजणीदार गेल्यावर तो म्हणाला, "आप्पा, झाडाचं काय?"

"झाड कुनाचं निघालं?"

"आपलं."

"मग आपल्या झाडाखाली आपला मानूस हाय. मशीन पलीकडनं वळवायचं. चार सऱ्या कमी लावू."

कृष्णातने झाडाभोवती एक फेरी मारली. पावलांनी काहीतरी अंदाज घेतला.

"चार कशाला," तो म्हणाला. "दोनांत बी वळतंय." आणि शिवांजलीकडे न बघता, "ताई, राख पूर्वेच्या अंगाला हाय. तिकडनं मशीन आनतच न्हाई."

दुपारी सगळे तिथेच जेवले. कालची उरलेली पुरी, वांग्याची भाजी. आत्या जेवता जेवता पेंगल्या. शालूबाई भांडी घेऊन ओढ्याकडे गेल्या आणि कृष्णात त्यांच्यामागे घागर घेऊन. जांभळाखाली काका आणि शिवांजली राहिले. मध्ये आबांचा दगड आडवा पडला होता.

"पोरी," काका म्हणाले, "त्या गोंड्याच्या मानसाचं पुढं काय झालं? दादा कवा सांगायचाच न्हाई. दिवं लागलं की उठायचा."

"पुस्तकात आहे पुढचं."

"सांग की मग."

"दोन-तीन वर्षांनी मोठी लढाई लागली," शिवांजली म्हणाली. "एक माणूस सारखा सगळ्यांच्या पुढे. पाच वेळा शत्रूवर तुटून पडला, पाचही वेळा पहिला. राजाला नवल वाटलं. त्याने त्याला बोलावलं. म्हणाला, मी तुझ्यासाठी असं काही मोठं केलेलं नाही. मग तू माझ्यासाठी मरायला का निघालास? तो म्हणाला, महाराज, मी तेव्हाच मरायला हवं होतं. त्या रात्री ज्याचा गोंडा तुटला होता तो मीच."

ओढ्याकडून भांड्यांचा आवाज येत होता.

"आबांना वाचून दाखवलं होतं मी," ती म्हणाली. "ते म्हणाले, पुस्तकवाल्याने जोडलं असेल."

"आसंल बी." लालासाहेबांनी एक वाळकं पान उचललं, बोटांत चुरलं. "पर राजाला नवल कशाचं वाटलं म्हनतंय पुस्तक? त्येला ठावं असनार की."

"तसं लिहिलेलं नाही, काका. अंधार होता."

"रोजच्या उठन्याबसन्यातला मानूस अंधारात बी वळखू येतोय, पोरी." त्यांनी हात झटकले. "त्येला ठावं व्हतं. तो वाट बघत व्हता, येऊन कवा सांगतोय."

शिवांजलीने मान खाली घातली. वर्षभर जे आलं नव्हतं ते आता आलं, फारसा आवाज न करता. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते उठले, पहारीने दगडाला कड दिली आणि तो ढकलत ढकलत जांभळाच्या बुंध्याला नेऊन टेकवला, पूर्वेच्या अंगाला, सपाट बाजू वर करून. बसायला बरा झाला होता.

तिने डोळे पुसले.

"काका, झाड तुमचं निघालं," ती म्हणाली. "मी येऊन बसले तर चालेल ना इथे?"

लालासाहेबांनी पहार खांद्यावर घेतली. मिशीच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"बस की," ते म्हणाले. "तुझ्या बापानं कुठं इचारलं व्हतं?"